वाजवून घ्यायचे नाणे

पूर्वी बाजारात नाणे कुणी नुसते बघून घेत नसे. दगडावर टाकायचे, आवाज खणखणीत आला की मगच कनवटीला लावायचे. इंटरनेटवरच्या लिलावात ही सोय नाही. तिथे विक्रेत्याच्या शब्दावरच भिस्त.

गंमत म्हणजे या लिलावांची सुरुवात खऱ्या शब्दाने झाली. १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत ऑक्शनवेब सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे हे सांगूनच विकला, तरी १४.८३ डॉलर आले. घेणारा बिघडलेले पॉइंटरच जमवत होता!

पण पाचच वर्षांनी, मे २००० मध्ये, कॅलिफोर्नियातील वकील केनेथ वॉल्टन याने एक चित्र लिलावात ठेवले. मला चित्रातले कळत नाही, जुन्या सामानात मिळाले, मुलाच्या खेळण्यातल्या सायकलने भोक पडले, अशी भाबडी कथा त्याने जोडली. कोपऱ्यातली आद्याक्षरे मात्र त्यानेच रंगवलेली. चित्र रिचर्ड डीबेनकॉर्नचे असावे असे वाटून बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. काही बोल्या तर साथीदारांच्याच होत्या. व्यवहार रद्द झाला आणि २००१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

आपल्या पोर्तुगीज नाण्यांच्या जाहिरातींत हीच कथा मला वरचेवर भेटते: "आजोबांच्या पेटीत सापडले, आम्हाला फारसे कळत नाही." खाली १८८१ च्या रुपियाचा, डों लुईश राजाच्या मुखवट्याचा, लखलखीत फोटो. मला शंका येते ती त्या लखलखाटाचीच. सव्वाशेहून अधिक वर्षांची चांदी काळवंडायला हवी. घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. विक्रेता ते उजेडात लपवतो. तांब्याचा पाव तांगा चिंचेने घासला तर देवाच्या तांब्यासारखा उजळतो, पण संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते.

कारण संग्राहक अवस्थेचेच पैसे मोजतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. एकेका पायरीला किंमत बदलते, म्हणून लबाडीही तिथेच शिरते.

तेव्हा वाचकहो, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा, वजन विचारा, रुपिया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. झिजलेले नाणे खोटे नसते. चार पिढ्यांच्या हातांनी ते झिजवलेले असते. ती झीज पुसून विकणारा आपल्या गोव्याचा इतिहासच थोडा पुसतो, याची मला खंत वाटते.