खिशात मावणारं पिस्तूल: परवाना, बोअर आणि घेण्याआधी बघायच्या गोष्टी

आठवडी बाजाराची रोकड घेऊन रात्री गावी परतणारा आडत्या, हायवेवरचा पेट्रोल पंपवाला, तालुक्याच्या गावात दुकान आणि आठ-दहा किलोमीटरवर वस्ती असलेला सराफ. शस्त्र परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालणाऱ्यांत अशी माणसं बरीच असतात. मागणीही बहुतेक एकच असते. बारा बोअरची लांब बंदूक नको, शर्टाखाली दिसणार नाही असं छोटं काहीतरी पाहिजे. पण छोटं म्हणजे नेमकं काय, आपल्याकडे काय मिळतं, कायद्यात काय बसतं आणि वेळ आलीच तर त्याचा किती उपयोग होतो, याबद्दल चहाच्या टपरीवर ऐकीव माहितीच जास्त चालते.

सुरुवात परवान्यापासूनच करावी लागते. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 या दोन्हींवर सगळं चालतं. वयाची 21 वर्षं पूर्ण पाहिजेत. अर्ज नमुना ए-1 मध्ये भरायचा. सोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, डॉक्टरचं शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. ग्रामीण भागात अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे. मग फाईल पोलिसांकडे चौकशीला येते. गुन्हे दाखल आहेत का, भावकीत बांधावरून वाद आहे का, दारूची सवय आहे का, हे सगळं ठाण्यातून विचारलं जातं. नियमांत मुदती दिलेल्या आहेत, प्रत्यक्षात महिने जातात.

अर्जात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते कारण. 'जीवाला धोका आहे' एवढंच लिहून भागत नाही. रोकड किती आणि कुठून कुठे न्यावी लागते, आधी लूट झाली असेल किंवा धमकी आली असेल तर त्याची तक्रार कधी दिली, याचे कागद जोडलेले बरे. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कायद्याच्या कलम 14 मध्येच लिहिलंय. त्यामुळे 'सातबाऱ्यावर एवढे एकर असल्याशिवाय मिळत नाही' ही गोष्ट खरी नाही. नकार आला तर त्याविरुद्ध अपील करता येतं.

2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. परवाना कुठल्या हद्दीत चालतो तेही त्यावर लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता परवाना कमरेला लावून माणूस सीमेपलीकडच्या बाजारात गेला, तर तिथे त्याचं शस्त्र बेकायदा ठरतं. सीमेवरच्या तालुक्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

आता बोअर. सिनेमात दिसणारं 9 एमएम पिस्तूल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. 9 एमएम, .38 आणि .45 हे प्रतिबंधित बोअर आहेत. नागरिकांसाठी खिशातल्या हत्यारांत प्रामुख्याने उरतात ते .32, .22 आणि जुन्या बनावटीचं .25. यातही .32 म्हणजे एकच काडतूस नव्हे. रिव्हॉल्व्हरचं .32 लांब असतं, बुडाला कड असलेलं. पिस्तुलाचं .32, ज्याला 7.65 एमएमही म्हणतात, ते आखूड असतं. एकाचं काडतूस दुसऱ्यात वापरायचं नाही. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणून चालत नाही. ही काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, बुडावर 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरं असतात. कारखाना 1869 चा आहे.

परदेशी हत्यारांचं आकर्षण मोठं आहे. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून हत्यार मागवायला बंदी आहे. त्यामुळे त्याआधी आलेली वॉल्थर, वेबली अशी जुनी पिस्तुलंच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, आणि त्यांची किंमत काही लाखांत जाते. यातलं .25 चं पिस्तूल खरोखर तळहाताएवढं असतं. पण स्प्रिंग पन्नास-साठ वर्षांची, सुटे भाग मिळत नाहीत, काडतुसांची मारामार. नाव मोठं असलं तरी जीव त्याच्यावर सोपवायचा का, हा विचार घेणाऱ्याने करावा.

देशी बनावटीत सरकारी कारखान्यांचाच माल मुख्यत: चालतो. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली शस्त्रं बनवणारी कंपनी कानपूरची. कानपूरचं .32 चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं लोकांच्या कमरेला आहे. दणकट आहे, पण जड आहे. दिवसभर मोटारसायकलवर फिरणाऱ्याला त्याचं ओझं होतं, आणि आठ दिवसांनी ते घरच्या कपाटात जाऊन बसतं. हलकं हत्यार लोक मागतात ते याच कारणाने.

2014 च्या जानेवारीत कानपूरहून 'निर्भीक' आलं. दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या तरुणीच्या आठवणीत, महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. बोअर .32, टायटॅनियम मिश्रधातूची बांधणी, वजन सुमारे 500 ग्रॅम. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, त्यामुळे ज्या महिलांचं नाव पुढे केलं त्यांच्यातल्या किती जणींना ते परवडणार, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. तो चुकीचा नव्हता. शेतमजूर बाईला अंधारात रस्त्यावरून जाताना दिवा आणि वेळेवर एसटी पाहिजे असते.

2016 मध्ये पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं 'निडर' आलं. .22 चं, आठ गोळ्यांचं, वजन जेमतेम पाव किलो, तेव्हाची किंमत सुमारे 35 हजार. खिशात मावणारं म्हणायचं तर हेच. इशापूरचंच .32 चं 'अशनी' हे पिस्तूल आहे, ते चपटं असल्याने कपड्यांखाली कमी दिसतं. ऑगस्ट 2023 मध्ये कानपूरहून .32 चं 'प्रबल' आलं, त्याचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं. ते लांब पल्ल्याचं म्हणून सांगितलं गेलं, पण लूट होते ती हाताच्या अंतरावर, तिथे पल्ल्याचा काय उपयोग?

निवडताना वजनावरच भुलू नये. हत्यार जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त बसतो. नळी आखूड असली की नेम चुकायला फार काही लागत नाही. मूठ एवढी बारकी असते की नांगर-फावडं धरणाऱ्या हातात करंगळीला जागाच उरत नाही. .22 चा धक्का कमी, म्हणून ते हातात बसतं, पण त्याच्या काडतुसाचा बार बुडाच्या कडेत असतो. अशी काडतुसं मधोमध बार असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात. रिव्हॉल्व्हरमध्ये एक फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी येते. पिस्तुलात मात्र दोन्ही हातांनी वरचा भाग मागे खेचून ती काढावी लागते, आणि झटापटीत दोन्ही हात मोकळे असतीलच असं नाही. ज्याला महिन्याकाठी सराव होणार नाही त्याला रिव्हॉल्व्हर बरं, असं जाणकार सांगतात ते यामुळेच. पिस्तूल चपटं असतं, लवकर भरता येतं, पण त्याची सवय ठेवावी लागते.

दुकानात हत्यार हातात घेताना आधी ते रिकामं करून दाखवायला सांगावं. मग चाप किती जड आहे ते बघावं. म्हाताऱ्या माणसाला किंवा संधिवात असलेल्या बाईला चाप पूर्ण ओढताच येत नसेल तर घेऊन उपयोग नाही. उलट चाप फारच हलका असेल तर खिशात ठेवणं धोक्याचं. पडल्यावर बार उडणार नाही अशी सोय आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. आणि खिशात म्हणजे किल्ल्या, तंबाखूची डबी आणि चिल्लर यांच्यासोबत नव्हे. चाप झाकणारं कव्हर पाहिजेच. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं असावं असा नियमही आहे.

आता मुख्य प्रश्न, वेळ आली तर ते चालतं का? सात मीटरवरून पळत आलेला माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोचतो. तेवढ्या वेळात सदऱ्याखाली हात घालायचा, हत्यार काढायचं, धरायचं. मोटारसायकलवर असताना, हेल्मेट घातलेलं, मागून काठी पडलेली, अशा वेळी तर ते निघतच नाही. उलट लुटारूंच्या हातात रोकडीसोबत पिस्तूलही जातं. म्हणून याला शेवटचा उपाय म्हणतात. त्याआधीचे उपाय स्वस्त आहेत. रोकड नेण्याचा वार आणि रस्ता बदलणं, भरणा दिवसाउजेडी करणं, सोबत दुसरी गाडी, 112 नंबर. मिरपुडीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही.

गोळी झाडल्यानंतर काय, याचाही विचार आधीच केलेला बरा. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 मध्ये होता. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असे प्रकार असतील, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोचतो. मालमत्तेसाठी तो जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, घराला आग लावणं अशा ठरावीक बाबतींतच तिथपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्क नाही. मोटर चोरून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातली तर ते स्वसंरक्षण धरलं जाणं अवघड आहे. गुन्हा नोंदवला जातो, हत्यार जप्त होतं, आणि बचाव कोर्टात मांडावा लागतो.

बिबट्यासाठी परवाना मागणारेही वाढले आहेत. त्यांनी एवढं बघावं, की बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा सूट देतो, पण उसात बसलेल्यावर गोळी झाडायला नाही. आणि .22 ची गोळी लागून जखमी झालेला बिबट्या आधीपेक्षा जास्त धोकादायक. रानडुकरांसाठीचा पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो, त्यात ही छोटी हत्यारं बसत नाहीत.

घरात ठेवण्याबद्दल बोलणं सगळ्यात कमी होतं आणि नुकसान तिथेच जास्त होतं. उशीखाली, गादीखाली, देवघराच्या फळीवर, धान्याच्या कोठीत, अशा जागा घरातल्या लेकरांना मोठ्यांच्या आधी माहीत असतात. छोटं हत्यार खेळण्यासारखं दिसतं आणि पोराच्या हातात सहज बसतं. शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. घरात कुणी निराश असेल, कर्जाच्या ताणात असेल, दारू पीत असेल, तर तेवढे दिवस हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येतं. त्यात कमीपणा काही नाही. विषारी औषधाची बाटली घरातून हलवावी तसंच हे.

देखभाल फार नाही. घाम, पाऊस आणि कापसाची धूळ यांनी छोट्या हत्याराची कळ लवकर अडते. कातडी कव्हरात कायम ठेवलं तर गंज धरतो. महिन्यातून एकदा रिकामं करून पुसून हलकं तेल द्यावं. जास्त तेल काडतुसाच्या बारात उतरतं आणि ते फुसकं होतं. खिशात वर्षभर घामाने भिजलेली काडतुसं सरावात संपवून नवी भरावीत. सराव मात्र रायफल क्लबच्या रेंजवरच, शेताच्या बांधावर नाही.

लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढणाऱ्यांना 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाही जातो. निवडणूक लागली की परवानाधारकांची छाननी होते, जमा करण्याचा आदेश आला की शस्त्र ठाण्यात देऊन पावती घ्यायची.

परवान्याची वाट बघून कंटाळलेल्यांना कुणीतरी सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याची वाट दाखवतो. विनापरवाना साधं अग्निशस्त्र जवळ सापडलं तरी कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय त्या कट्ट्याची नळी कसली, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. ती पुढे फुटते की मागे, याची खात्री कुणी देत नाही.

वडिलांच्या नावचा परवाना आणि कमरेला मुलगा, हे चित्र खेड्यात सर्रास दिसतं. ते बेकायदा आहे. परवानाधारक वारल्यास वारसांनी शस्त्र लगेच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून स्वत:च्या नावे अर्ज करायचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाकावा. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. शस्त्राचा नंबर, परवान्याचा क्रमांक आणि त्यावरचा यूआयएन वेगळ्या कागदावर लिहून घरी ठेवलेला असला म्हणजे तेव्हा शोधाशोध होत नाही.