काळ्या पट्टीचं कूळ

जुन्या कॅल्क्युलेटरच्या किंवा मल्टिमीटरच्या पडद्यावरचे आकडे अर्धवट उमटू लागले, तर आतली लवचीक पट्टी एकदा नीट पाहा. पट्टीवरच्या रेघा काळ्या असतील, तर ते तांबं नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर छापलेली ती कार्बनची शाई आहे आणि टोकांना उष्णतेनं मऊ होणारा गोंद आहे. मला या रेघांचं मूळ थेट एडिसनपर्यंत जाताना दिसतं.

चपट्या जोडण्यांचं जनकत्व सहसा अल्बर्ट हॅन्सनकडे जातं. 1903 च्या पेटंटात त्यानं टेलिफोन एक्स्चेंजसाठी मेणकागदावर धातूच्या वर्खाच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढे पॉल आयझ्लरची छापील सर्किटं, 1956 ची रिबन केबल, ड्युपाँची कॅप्टॉन फिल्म आणि मोबाइलमधला फ्लेक्स. ही वाट परिचयाची आहे.

काळी पट्टी मात्र या घराण्यातली नव्हे. ट्रामगाड्यांसाठी गाजलेल्या फ्रँक स्प्रेगनं 1904 मध्ये एडिसनला विचारलं, की कापडी कागदावर विजेच्या वाटा कशा काढाव्यात? एडिसननं सुचवलेल्या उपायांपैकी एक असा: गोंदानं आकृती काढायची आणि वर ग्राफाइटची पूड भुरभुरायची.

हॅन्सनचे पाठीराखे म्हणतील, वर्ख काय नि पूड काय, दोन्ही चिकटवलेलेच. मला ते पटत नाही. वर्ख हा आधीपासूनच सलग धातू असतो, गोंद त्याला फक्त धरून ठेवतो. पुडीची वाट गोंदामुळेच तयार होते. कण एकमेकांना टेकले तरच वीज वाहते. कार्बनच्या शाईचं तत्त्व नेमकं हेच.

एडिसनला ते सुचलं छापखान्यांवरून, असं माझं ठाम मत आहे. इलेक्ट्रोटाइप करणारे कारागीर मेणाच्या साच्यावर ग्राफाइट चोळत, म्हणजे त्यावर तांब्याचा थर चढे. एडिसन पोरवयात आगगाडीत स्वतःचं वर्तमानपत्र छापत असे. 1877 मध्ये टेलिफोनमध्ये आवाज टिपण्यासाठी त्यानं काजळीचं बटणही केलं. मधला दुवा दुसऱ्या महायुद्धातला: अमेरिकेत तोफगोळ्यांच्या, लक्ष्याजवळ येताच स्फोट घडवणाऱ्या प्रॉक्झिमिटी फ्यूजसाठी चिनीमातीच्या चकत्यांवर चांदीची आणि कार्बनची शाई छापू लागले. तिथून प्लॅस्टिकच्या फिल्मपर्यंत अंतर फारसं नव्हतं.

दुरुस्ती करताना हे कूळ ओळखावंच लागतं. तांब्याच्या पट्टीवरचा लेप खरवडून बारीक तारेनं डाख देता येतो. कार्बनवर डाख धरतच नाही. पट्टीचं टोक नुसतं सुटलं असेल, तर वर उष्णता सोसणारी फिल्म ठेवून बेताच्या गरम सोल्डरिंग आयर्ननं दाबत न्या आणि गार होईपर्यंत दाब सोडू नका. रेघच चिरली असेल, तर पट्टी बदला. नवी मागवण्याआधी रेघा मोजा, दोन रेघांमधलं अंतर आणि पट्टीची लांबी मापा, आणि दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला आहेत का तेही पाहा.