चौथ्या मजल्यावरचा 'र'

गेल्या शनिवारी रिलीज होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही क्लायंटशी दोन तास कॉल. तो संपतोय तोच बाबांचा फोन. मी दोन वाक्यं बोललो असेन, तेवढ्यात ते म्हणाले, "अरे, असा काय बोलतोयस? तोंडात काही आहे का?" मी मराठीतच बोलत होतो. फक्त मधे 'सर्व्हर' हा शब्द आला आणि त्यातले दोन्ही 'र' मी जीभ मागे वळवून म्हणालो, अगदी कॉलवर म्हणतो तसे. हसण्यावारी नेलं, पण लागलं जरा. पाच वर्षांपूर्वी मी असा बोलत नव्हतो. मग हे कोण बोलतंय?

म्हणून रविवारी अमेरिकन उच्चारांचा इतिहास वाचत बसलो. गंमत म्हणजे, ज्या 'र'ने मला पकडून दिलं त्याचीच गोष्ट तिथे सगळ्यात भारी निघाली.

आपल्याला वाटतं की अमेरिकन माणूस म्हणजे 'र' चावूनच बोलणार. तसं नाहीये. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागात स्वरानंतरचा 'र' गिळायचीच रीत होती. 'कार'चं 'काऽ'. फ्रँकलिन रूझवेल्टची भाषणं ऐका, शब्दाच्या शेवटचा 'र' बऱ्याचदा सापडणारच नाही. तेव्हा इंग्लंडसारखं बोलणं म्हणजे भारदस्त बोलणं. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. 'र' स्पष्ट म्हणणं प्रतिष्ठेचं ठरलं आणि न्यूयॉर्कच्या लोकांना आपलीच बोली खटकायला लागली.

हा बदल मोजला विल्यम लबॉव्ह यांनी (१९२७-२०२४). हा मनुष्य मूळचा शाईच्या धंद्यातला केमिस्ट, नंतर भाषाशास्त्राकडे वळलेला. १९६२ मधे त्यांनी न्यूयॉर्कची तीन दुकानं निवडली: सॅक्स (श्रीमंतांचं), मेसीज (मध्यमवर्गाचं) आणि एस. क्लाइन (स्वस्तातलं). चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि विक्रेत्याला विचारायचं, ते कुठे मिळेल हो? उत्तर ठरलेलं: 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो ना! एकाच उत्तरात चार 'र'ची टेस्ट केस, आणि समोरच्याला पत्ताही नाही. असे २६४ लोक. सॅक्समधे ६२ टक्के लोकांनी सगळे किंवा काही 'र' उच्चारले, मेसीजमधे ५१ टक्के आणि क्लाइनमधे फक्त २० टक्के.

इथपर्यंत अपेक्षितच. मला खरा धक्का बसला तो वयाच्या आकड्यांनी. सॅक्समधे तरुण मंडळी 'र' जास्त म्हणत होती, म्हणजे नवी फॅशन नव्या पिढीत. मेसीजमधे नेमकं उलटं! तिथे वयस्कर लोक तरुणांपेक्षा जास्त 'र' म्हणत होते. लबॉव्ह यांचा अर्थ असा: वर चढू पाहणारा मध्यमवर्गीय माणूस आपली बोली पुढे, नोकरीत वरच्या लोकांशी संबंध येऊ लागल्यावर, बदलतो. थोडक्यात, उच्चार लहानपणीच कायमचे पक्के होतात हे पूर्ण खरं नाही. ते वाचताना वाटलं, आपलंच वर्णन चाललंय.

पण बदल नेहमी 'वर'च होतो असंही नाही. त्याआधी लबॉव्ह यांनी मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर काम केलं होतं (प्रसिद्ध झालं १९६३ मधे). उन्हाळ्यात तिथे श्रीमंत पर्यटक येत, जमिनी विकत घेत. त्याच काळात 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतले जुन्या वळणाचे स्वर बेटावर वाढत होते, आणि सगळ्यात जास्त ज्यांना बेट सोडायचं नव्हतं त्यांच्यात. एक तरुण कॉलेज करून परत आला. त्याची आईच म्हणाली की हा पूर्वी असा बोलत नव्हता, धक्क्यावरच्या कोळ्यांसारखं व्हायचं असेल त्याला. बाहेर जाऊन आलेला माणूस जास्त गावचा झाला!

आणि मग रूथ बेडर गिन्सबर्ग. जन्म १९३३, ब्रुकलिन. १९७० च्या दशकात त्यांनी वकील म्हणून स्त्रियांच्या समान हक्कांसाठी सुप्रीम कोर्टात सहा खटले मांडले, पाच जिंकले. समोर नऊच्या नऊ पुरुष. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी कोर्टाची रेकॉर्डिंग्ज तपासली. वकील असताना त्यांची ब्रुकलिनची वळणं बरीच दबलेली होती. १९९३ मधे त्या स्वतः न्यायमूर्ती झाल्या, आणि पुढच्या वर्षांत ती वळणं परत डोकं वर काढू लागली. आता कोणाला पटवायचं नव्हतं ना! खुर्ची मिळाल्यावर घरचा आवाज परवडतो.

अर्थात सगळंच शिकता येत नाही. फिलाडेल्फियात 'मॅड', 'बॅड', 'ग्लॅड' यांचा स्वर वेगळा आणि 'सॅड'चा वेगळा. नियम शोधू नका, सापडणार नाही. अर्विला पेन यांनी जवळच्या एका उपनगरातली मुलं तपासली. बाहेरून आलेल्या कुटुंबांतली मुलं बाकीचे उच्चार पटापट उचलत, पण हा गुंता पूर्ण जमायचा तो ज्यांचे आईवडीलही तिथलेच होते त्यांनाच. म्हणजे काही गोष्टी घरातूनच इन्स्टॉल होऊन येतात. :)

असो. माझ्या 'र'ची लाज आता जरा कमी झालीय. कॉलवर पलीकडच्याने एकदा तरी "सॉरी?" म्हणू नये म्हणून मी जीभ वळवतो. मेसीजमधले ते विक्रेते फार वेगळं काही करत नव्हते.

आणि बाबा? ते नोकरीसाठी साताऱ्याहून पुण्याला आले. तीस वर्षं ऑफिसात 'हो' म्हणाले, आणि सुट्टीत गावी एसटीतून उतरले की 'व्हय'. रिटायर झाल्यापासून मात्र पुण्यातल्या घरातही 'व्हय'च चालू आहे. पुढच्या शनिवारी फोन आला की त्यांना गिन्सबर्गबाईंची गोष्ट सांगणार आहे.