एन्क्रिप्शन प्रोग्राममधील फाइलवाचनाच्या एरर (पायथन)

नवशिक्याच्या पहिल्या एन्क्रिप्शन प्रोग्राममध्ये गणित सोपे असते: सीझर सायफर, नाहीतर एकाच किल्लीने केलेले एक्सॉर. अडते ते फाइल वाचताना.

सुरुवातीला बहुधा ‘फाइलनॉटफाउंडएरर’ येते. नुसते फाइलचे नाव दिले, तर प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे पायथन ती शोधतो. प्रोग्राम जिथे ठेवला आहे तिथे नव्हे. ‘ओएस.गेटसीडब्ल्यूडी’ने हा फोल्डर छापून पाहिला की बहुतेकदा उलगडा होतो.

खरी डोकेदुखी ‘युनिकोडडिकोडएरर’ची. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत साठवले जाते. त्यांचे ४२ या किल्लीशी एक्सॉर केले की २०२, १४२, १९१ मिळतात. हे बाइट साठवलेली फाइल टेक्स्ट म्हणून उघडली, तर पहिले दोन बाइट योगायोगाने एक वैध अक्षर ठरतात. पण १९१ने कोणतेच अक्षर सुरू होऊ शकत नाही आणि वाचन तिथेच थांबते. फाइल बिघडलेली नसते. ती आता मजकूर उरलेली नसते, एवढेच. म्हणून ती ‘डब्ल्यूबी’ने लिहावी, ‘आरबी’ने वाचावी. ‘आरबी’ने वाचलेला प्रत्येक बाइट ही आधीच संख्या असते, त्यावर जुन्या कोडमधले ‘ऑर्ड’ राहिले, तर ‘टाइपएरर’ येते. ते काढून टाकावे.

एरर दडपण्यासाठी ‘एरर्स=इग्नोर’ लिहिणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. न जुळणारे बाइट गाळले जातात, प्रोग्राम बिनबोभाट चालतो आणि डिक्रिप्शननंतर मजकूर तुटका निघतो. टेक्स्ट मोडमध्ये आणखी एक छुपा धोका आहे: १३ हा बाइट नवीन ओळीची खूण समजून वाचतानाच १० केला जातो. एरर येत नाही, डेटा मात्र बदलतो.

साधा मजकूर वाचताना ‘एन्कोडिंग’ नेहमी स्पष्ट लिहावे. ते न दिल्यास विंडोजवरचा पायथन ३ आजवर बहुधा संगणकाच्या स्थानिक कोडपेजवर विसंबत आला आहे. मराठी मजकुराची त्यात वाताहत होते.

‘रीड’ दुसऱ्यांदा रिकामी स्ट्रिंग देत असेल, तर वाचनबिंदू फाइलच्या शेवटी पोहोचलेला असतो. ‘सीक(०)’ने तो मागे आणता येतो. ‘डब्ल्यू’ने उघडलेल्या फाइलला असा उपाय नाही. ती उघडताक्षणीच रिकामी होते, म्हणून सराव मूळ फाइलच्या प्रतीवरच करावा.