विणकर बदलला, कापडाचं काय? भारतीय फुटबॉल आणि त्याचे प्रशिक्षक

वैशाखरे गावात, नाणेघाटाच्या पायथ्याशी, फुटबॉलवर व्याख्यान ठेवणं हे संयोजकांचं धाडसच म्हणायचं. भाताची कापणी झाली की मुरबाड-शहापूरच्या मोकळ्या शेतांत क्रिकेटचे सामने लागतात, कबड्डी तर आहेच. फुटबॉल आपल्याकडे बहुतेक करून टीव्हीवर, तोही परदेशातला. आणि वक्ता कोण, तर जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला सत्तरी ओलांडलेला मास्तर. पण विषय आम्हीच सुचवला, दोष संयोजकांना देऊ नका.

झालं असं. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात भारत बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. बांगलादेशाकडून हरण्याची २००३ नंतरची ही पहिलीच वेळ. जागतिक क्रमवारीत आपण १४२ वर घसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर वाटेत तीन जण भेटले आणि तिघांनी एकच वाक्य ऐकवलं: "सर, कोच बदलायला पाहिजे." आता हा कोच येऊन साडेतीन महिने झाले होते. त्याच्या आधीचा वर्षभर टिकला होता. म्हणून आम्हाला वाटलं, हे वाक्य जरा तपासून बघावं. तपासणे हाच आमचा धंदा.

आपल्याकडे न्यायदर्शनात कारणाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त कापडाचं उदाहरण येतं. कापडाची कारणं तीन प्रकारची. सूत, म्हणजे धागे, हे समवायी कारण. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर वगैरे सगळं निमित्तकारण. शब्द अवघड वाटले तर सोडून द्या, गोष्ट सोपी आहे. धागे पाहिजेत, धागे एकमेकांत गुंतले पाहिजेत, आणि कोणीतरी ते विणलं पाहिजे. फुटबॉलमध्ये धागे म्हणजे खेळाडू. विणकर म्हणजे प्रशिक्षक. आणि संयोग म्हणजे काय? अकरा माणसांनी एकत्र काढलेले दिवस. आमचं म्हणणं असं की गेली पन्नास-साठ वर्षं आपण विणकरावर भांडतोय, धाग्यांबद्दल अधूनमधून हळहळतोय, आणि संयोगाचा हिशेब कोणीच मांडत नाही.

थोडं मागे जाऊ. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. तिन्ही वेळी प्रशिक्षक एकच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, म्हणून आम्हाला जास्तच जवळचे. पण त्यांचं नाव घेताना मध्ये एक गोष्ट गाळली जाते. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं होतं. आपले काही खेळाडू अनवाणी होते. दहा-एक! आज असं झालं तर प्रशिक्षक विमानतळावरून घरी जाईल का? त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले, आणि मध्ये एखाद्या स्पर्धेला दुसरा प्रशिक्षक गेला असला तरी चार वर्षांनी मेलबर्नला संघ घेऊन गेले ते रहीमच.

मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत टाटांच्या संघाकडून. मुंबईत त्याचं नाव किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

रहीम हे एकटे जादूगार नव्हते, हे आम्हाला इथे ठासून सांगायचंय. ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. मुलांसाठी त्यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या, कमजोर पायानेच खेळायचं असे सामने घेतले. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्याच हाताखाली तयार झाला, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. कुठे? आपल्या मुंबईत, कुपरेजवर. म्हणजे राष्ट्रीय संघात जमण्याआधीच यातली बरीचशी मंडळी एकमेकांचा पाय ओळखून होती. पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम १९५६, १९६० आणि १९६२ या तिन्ही संघांत होते. हा संयोग सहा वर्षांचा!

जकार्ताची हकीकत तर ऐकण्यासारखी. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गेला. पुढे बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीमनी त्याला बाहेर बसवलं नाही, आघाडीला खेळवलं. अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया समोर. प्रेक्षक सगळे आपल्या विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला डावलल्याबद्दल आपल्या सोंधींनी यजमान इंडोनेशियावर आक्षेप घेतला होता. आपण २-१ ने जिंकलो. एक गोल पी. के.चा आणि दुसरा त्याच टाके घातलेल्या जर्नेलसिंगचा. बचावपटूला आघाडीला पाठवायचं धाडस पंधरा दिवसांच्या ओळखीवर होत नसतं. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

त्यानंतरची गोष्ट भरभर सांगतो, कारण ती एकसारखी आहे. १९७० ला बँकॉकमध्ये आशियाई कांस्यपदक मिळालं, आशियाई स्पर्धेतलं आपलं शेवटचं पदक. मग विणकर आणण्याचा सिलसिला: युगोस्लाव्हियाचे मिलोव्हान, हंगेरीचे गेलेई, उझबेकिस्तानचे अक्रामोव्ह, इंग्लंडचे कॉन्स्टन्टाईन, ते एकदा नव्हे दोनदा, मग इंग्लंडचेच हाउटन, नेदरलँड्सचे कोव्हरमन्स, क्रोएशियाचे स्टिमाच, स्पेनचे मानोलो मार्केझ. मध्ये मध्ये आपले सुखविंदरसिंग, नईमुद्दीन. २०११ ला गोव्याचे आर्मांदो कोलासो आले. धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिलेला माणूस, राष्ट्रीय संघाकडे काही महिने टिकला.

हा सगळा नाकर्त्यांचा बाजार होता असं कोणी म्हणेल, तर ते खरं नाही. अक्रामोव्हांच्या वेळी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, आपण क्रमवारीत ९४ वर होतो. हाउटननी संघाला १९८४ नंतर पहिल्यांदा आशिया कपच्या मुख्य स्पर्धेत नेलं.

आमच्या मुंबईतल्या विद्यार्थिदशेत, सत्तरच्या दशकात, आम्ही कुपरेजच्या स्वस्तातल्या जागेवर बसून रोव्हर्सचे सामने बघायचो. मफतलाल, टाटा, महिंद्र असे कंपन्यांचे संघ. खेळाडू कंपनीचा नोकर, त्यामुळे तेच ते चेहरे वर्षानुवर्षं एकत्र दिसायचे. खेळ संथ होता, खोटं कशाला बोला, पण चेंडू कुठे जाणार हे मागच्याला माहीत असायचं. १८९१ ला सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा २००१ च्या सुमारास बंद पडली. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला.

आता आमच्या मूळ मुद्द्याची परीक्षा घेऊ. परीक्षा अशी घ्यायची की विणकर तोच ठेवायचा, धागे बहुतांश तेच ठेवायचे, आणि फक्त संयोग बदलायचा. असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात स्टिमाच यांना मे महिन्यापासून भुवनेश्वरला लांब शिबिर मिळालं. जूनमध्ये लेबनॉनला हरवून आपण आंतरखंडीय चषक जिंकला, जुलैमध्ये कुवेतला हरवून सॅफ स्पर्धा जिंकली, क्रमवारीत ९९ वर आलो. सहा महिन्यांनी दोहात आशिया कप. त्याआधी डिसेंबर संपेपर्यंत इंडियन सुपर लीगचे सामने चालू होते, तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही.

यावर तुम्ही म्हणाल, सर, ऑस्ट्रेलिया म्हणजे लेबनॉन नव्हे. बरोबर. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, म्हणून एवढ्या एका दाखल्यावर आम्ही निष्कर्ष काढत नाही. पण मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो, त्याचं काय? १७ जून २०२४ ला स्टिमाच यांची गच्छंती झाली. जाताना त्यांनी महासंघावर तोंडसुख घेतलं आणि महासंघाने त्यांच्यावर. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं. त्याआधी २०२३ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राने छापलं होतं की संघ निवडताना एका ज्योतिषाचा सल्ला घेतला जात होता. न्यायशास्त्रात याला एक शब्द आहे, अन्यथासिद्ध. कुंभाराकडे माती वाहून आणणारं गाढव मडक्याच्या आधी हजर असतं, म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. तेव्हा हे गाढव आपण बाजूला बांधू.

दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा चांगली आहे. मानोलो मार्केझ जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक झाले, पण एफसी गोवाची नोकरी त्यांनी सोडली नाही. वर्षभर दोन मागांवर एकच विणकर! गोव्याच्या मागावर त्यांनी लीगमध्ये दुसरा क्रमांक काढला आणि मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. देशाच्या मागावर आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. माणूस तोच, डोकं तेच. मग फरक कशाचा? गोव्याची पोरं त्यांना रोज सकाळी भेटायची आणि देशाची पोरं दोन-तीन महिन्यांतून एकदा, आठवडा-दहा दिवस.

धाग्यांबद्दलही एक सांगायला हवं, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला. मार्च २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलावलं. आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही त्यानेच केला. क्लबांच्या आघाडीला परदेशी खेळाडू असतात, आपली मुलं बाजूच्या पट्ट्यांत नाहीतर मागे खेळतात. मग देशासाठी गोल करायला अचानक कोण शिकणार? तरुण शोधला, तो मिळाला नाही, म्हणून आजोबांना शेतावर बोलावलं. छेत्रीला आजोबा म्हटलेलं कोणाला रुचणार नाही, पण आम्हाला वयाचा अधिकार आहे.

महासंघाचं आता थोडक्यात. आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल बारा वर्षांहून अधिक काळ अध्यक्ष होते. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टमध्ये बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारतालाच निलंबित केलं, अकरा दिवसांत ते निलंबन उठलं. नवीन अध्यक्ष कल्याण चौबे माजी गोलरक्षक आहेत, निवडणुकीत त्यांनी भुतियाला ३३-१ ने हरवलं. एवढा एकतर्फी निकाल आपल्या संघाला मैदानावर मिळत नाही. २०१० मध्ये महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिले होते, तो करार २०२५ च्या डिसेंबरात संपायचा. पुढचं ठरत नव्हतं, म्हणून जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला. तुम्ही नाणेघाट चढला असाल तर वर तो दगडी रांजण पाहिला असेल, जकातीचा म्हणतात तो. रांजण कोणी ठेवायचा, किती भरायचा, याची चर्चा आपल्याकडे खूप झाली. घाटाच्या पायऱ्यांची डागडुजी कोणाकडे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

अशा वेळी, १ ऑगस्ट २०२५ ला, खालिद जमील आले. जन्म कुवेतचा, पण कारकीर्द आपल्या मुंबईतली. महिंद्र युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीचे वर्षानुवर्षं प्रशिक्षक राहिले, आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. पहिलीच स्पर्धा ताजिकिस्तानात. ती फिफाने ठरवलेल्या खिडकीच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होत होती, म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू दिले नाहीत. नियमानुसार ते चूक नव्हतेच. खिडकी उघडेपर्यंत खेळाडू क्लबाचा, हा नियमच आहे. तरी जमीलनी तिसरा क्रमांक काढला, ओमानला पेनल्टीवर हरवलं. मग ऑक्टोबरात सिंगापूरशी बाहेर १-१, आणि १४ तारखेला मडगावला फातोर्ड्यात १-२. २०२७ च्या आशिया कपचं दार तिथेच बंद झालं. ढाका त्यानंतरचं.

आमच्या त्या तीन सोबत्यांना आम्ही एवढंच म्हणालो, की सांगा बरं, साडेतीन महिन्यांत या माणसाला सगळा संघ मिळून किती दिवस मिळाले? एकाने बोटं मोजायला घेतली. लीग तेव्हा बंद होती, आणि शिबिराला क्लबची परवानगी लागते. तो मोजता मोजता थांबला.

आता शेवटची गोष्ट, ती इथल्या मास्तर मंडळींसाठी. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्र सरकारने 'मिशन वन मिलियन' काढलं होतं. राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, चेंडू सरकारने द्यायचे. त्या दिवशी नऊ वर्षांचा असलेला मुलगा आज राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर असायच्या वयाचा आहे. तुमच्या शाळेत तो चेंडू आला असेल, तर सोळा तारखेला तो कुठे होता, हे आम्हाला नंतर चहाच्या वेळी जरूर सांगा. प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.