मौनाची ओळख आणि मैत्री : न्यूटन–हॅली स्नेहसंबंधाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

इतिहासात बोलक्या माणसांची नोंद सहज होते. सभा गाजविणाऱ्यांविषयी आणि वाद जिंकणाऱ्यांविषयी समकालीनांनी भरभरून लिहून ठेवलेले असते. स्वभावतः मितभाषी, संकोची आणि एकांतप्रिय असलेल्या व्यक्तींच्या वाट्याला असे लेखन क्वचितच येते. त्यांचे कार्य जगासमोर येते तेव्हा त्यामागे बहुधा त्यांचा स्वभाव ओळखून त्यांच्याशी स्नेह जोडणारी एखादी दुसरी व्यक्ती असते. या दुसऱ्या व्यक्तीची दखल इतिहासलेखनात पुरेशी घेतली जात नाही.

आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) आणि एडमंड हॅली (१६५६–१७४२) यांचा स्नेह हे याचे बोलके उदाहरण आहे. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाने गतीचे नियम आणि वैश्विक गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. तथापि ग्रंथकर्त्याला ग्रंथ लिहिण्यास प्रवृत्त करणारा, तो स्वखर्चाने छापणारा आणि त्याचा तिसरा खंड नष्ट होऊ न देणारा मनुष्य हॅली होता. हे त्याने कोणत्या मार्गाने साधले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘अंतर्मुख’ ही संकल्पना

अंतर्मुख आणि बहिर्मुख असे व्यक्तिमत्त्वाचे प्रकार स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव युंग याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रीय प्रकारांवरील ग्रंथात सविस्तर मांडले. ज्याची मानसिक शक्ती बाह्य जगाकडे न वळता स्वतःच्या विचारविश्वाकडे वळते, तो अंतर्मुख, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन आहे. सतराव्या शतकातील व्यक्तीला ही संज्ञा लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ती निदान म्हणून न वापरता वर्णनापुरती वापरली, तरच ती इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते.

स्वभावाची ही घडण ओळखण्यात समाज बहुधा चुकतो. मराठीतील शब्दच पाहिले तरी हे ध्यानात येते. अबोल, भिडस्त, घुमा, एकलकोंडा, शिष्ट, माणूसघाणा हे सर्व शब्द कमी बोलणाऱ्यालाच उद्देशून येतात. परंतु पहिल्या दोहोंत सहानुभूती आहे आणि शेवटच्या दोहोंत दोषारोप. एकाच मौनाला एक जण भिडस्तपणा म्हणतो आणि दुसरा आढ्यता. न्यूटनच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले.

न्यूटनचा एकांत

न्यूटनचा जन्म तत्कालीन इंग्रजी पंचांगानुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी लिंकनशायर परगण्यातील वूल्स्थॉर्प येथे झाला. जन्मापूर्वीच त्याचे वडील वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने पुनर्विवाह केला आणि त्याला आजीपाशी ठेवले. १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला, तो इतरांची कामे करून शिकणारा विद्यार्थी म्हणून.

तेथे जॉन विकिन्स या विद्यार्थ्याशी त्याची मैत्री जुळली. विकिन्सच्या मुलाने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, खोलीतील सोबत्याला कंटाळून विकिन्स एके दिवशी महाविद्यालयाच्या आवारात फिरावयास गेला असता त्याला न्यूटन एकटाच, खिन्न अवस्थेत आढळला. बोलता बोलता दोघांचे दुःख एकच असल्याचे कळले आणि आपापले दंगेखोर सोबती सोडून त्यांनी एकत्र राहण्याचे ठरविले. ही सोबत सुमारे वीस वर्षे टिकली. न्यूटनला माणसेच नकोशी होती, हा समज या घटनेने दूर होतो. त्याला गोंगाट नको होता. सोबत हवी होती.

१६८० नंतरच्या दशकात त्याचा लेखनिक असलेल्या हम्फ्री न्यूटनच्या आठवणीही प्रसिद्ध आहेत. न्यूटन जेवणाचे ताट विसरून जाई, त्याच्या व्याख्यानांना श्रोते फारच थोडे असत आणि कित्येकदा तो जणू भिंतींनाच शिकवून परत येई. सुमारे पाच वर्षांच्या सहवासात आपण त्याला एकदाच हसताना पाहिले, असे हम्फ्रीने नमूद केले आहे. युक्लिडच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे कोणी विचारल्यावर तो हसला होता.

प्रसिद्धीचा कटू अनुभव

अशा व्यक्तीला विद्वज्जगतात आणण्याचे प्रयत्न हॅलीपूर्वीही झाले होते. १६६९ मध्ये गणिताचे प्राध्यापक आयझॅक बॅरो यांनी न्यूटनचा एक गणिती निबंध लंडनच्या जॉन कॉलिन्सकडे पाठविला, तेव्हा आरंभी लेखकाचे नाव गुप्त ठेवण्यात आले. त्याच वर्षी बॅरो यांनी सोडलेल्या लुकेशियन प्राध्यापकपदावर न्यूटनची नेमणूक झाली. पुढील वर्षी कॉलिन्सने त्याचे एक सूत्र छापण्याची परवानगी मागितली. न्यूटनने ती दिली, मात्र आपले नाव घालू नये अशी अट घातली. लोकमान्यतेत इष्ट असे काही आपणास दिसत नाही आणि तिच्यामुळे ओळखी वाढतील, ज्या आपण टाळू पाहतो, अशा आशयाचे कारण त्याने दिले.

१६७२ च्या जानेवारीत परावर्तक दुर्बिणीच्या निर्मितीबद्दल त्याची रॉयल सोसायटीवर निवड झाली. या स्वागताने धीर येऊन त्याने फेब्रुवारीत प्रकाश आणि रंग यांविषयीचा आपला सिद्धान्त संस्थेचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याच्याकडे पाठविला. संस्थेतील प्रयोगांची जबाबदारी सांभाळणाऱ्या रॉबर्ट हुकने आठवड्याभरातच त्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला. पुढे युरोपातील इतरांचे आक्षेपही येत राहिले. १६७३ मध्ये न्यूटनने सोसायटीचे सदस्यत्व सोडण्याची इच्छा प्रकट केली. ओल्डेनबर्गने वर्गणी माफ करण्याची तयारी दाखविली; परंतु अडचण पैशाची नव्हती. ओल्डेनबर्गचा हेतू शुद्ध होता. ज्ञान वादातून वाढते, ही त्याची श्रद्धा होती. ज्याला वादाचा प्रत्येक घाव महिनोन्महिने सलत राहतो, अशा माणसाची गरज मात्र त्याच्या ध्यानात आली नाही.

१६७९ च्या अखेरीस सोसायटीचा सचिव झालेल्या हुकने पुन्हा पत्रव्यवहार सुरू केला. उत्तरादाखल न्यूटनने पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूच्या मार्गाविषयी एक कल्पना लिहून पाठविली. तीत चूक होती. हुकने ते पत्र सोसायटीच्या बैठकीत वाचले आणि चूकही दाखवून दिली. विद्याव्यवहाराच्या रीतीने यात गैर काही नव्हते. न्यूटनला मात्र हा चारचौघांतील अपमान वाटला आणि त्याने पत्रव्यवहार आवरता घेतला. त्याच वर्षी त्याची आई वारली होती. १६८३ मध्ये विकिन्सनेही केंब्रिज कायमचे सोडले.

हॅलीची भेट

जानेवारी १६८४ मध्ये लंडन येथे ख्रिस्तोफर रेन, हुक आणि हॅली यांच्यात एक चर्चा झाली. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ग्रहांची कक्षा कोणती, हे गणिताने सिद्ध करता येईल काय, हा प्रश्न होता. सिद्धता आपणापाशी असल्याचे हुकने सांगितले. दोन महिन्यांत ती देणाऱ्यास चाळीस शिलिंगांचे पुस्तक देण्याची तयारी रेनने दर्शविली. परंतु सिद्धता पुढे आली नाही.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला गेला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा, न्यूटन एक्केचाळीस वर्षांचा. दुखावलेल्या विद्वानाशी वागण्याचा अनुभव हॅलीला पूर्वी आला होता. हुकने डान्झिगच्या योहानेस हेवेलियस या वयोवृद्ध खगोलशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांवर टीका केली होती. १६७९ मध्ये हॅली डान्झिगला गेला, हेवेलियसच्या शेजारी बसून त्याने रात्री निरीक्षणे केली आणि ती अचूक असल्याची ग्वाही दिली. आधी सोबत काम आणि मग मतप्रदर्शन, हा त्याचा क्रम येथेही दिसतो.

केंब्रिजच्या भेटीचा वृत्तान्त गणितज्ञ अब्राहम द म्वाव्र याने पुढे नोंदविला. कक्षा कोणती असेल, असे हॅलीने विचारताच न्यूटनने दीर्घवर्तुळ असे उत्तर दिले. कशावरून, असे विचारल्यावर आपण गणित केले आहे, असे तो म्हणाला. कागद शोधला, पण सापडला नाही. पुन्हा करून पाठवीन, असे आश्वासन त्याने दिले. कागद खरोखरच हरवला होता, की गणित पुन्हा तपासल्याखेरीज तो दाखवावयाचा नव्हता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी, की हॅलीने आग्रह धरला नाही. हुकच्या अशाच दाव्यावर अविश्वास दाखविला गेला होता. हॅली न्यूटनच्या शब्दावर विश्वास ठेवून परतला.

नोव्हेंबरमध्ये नऊ पानांचा निबंध त्याच्या हाती आला. त्याचे मोल ओळखून तो तत्काळ पुन्हा केंब्रिजला गेला आणि १० डिसेंबर १६८४ रोजी त्याने सोसायटीला निबंधाची माहिती दिली. न्यूटनने तो सोसायटीच्या नोंदवहीसाठी पाठविण्याचे मान्य केले होते. अग्रहक्क सुरक्षित राहावा आणि छपाईची घाईही होऊ नये, अशी ही योजना होती. पुढील सुमारे अठरा महिन्यांत नऊ पानांचा ग्रंथ झाला.

ग्रंथ वाचविणारे पत्र

पहिल्या खंडाचे हस्तलिखित २८ एप्रिल १६८६ रोजी सोसायटीसमोर आले. व्यस्त वर्गाच्या नियमाचे श्रेय आपणास मिळावे, अशी मागणी हुकने केली. ही वार्ता न्यूटनला इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याऐवजी आपल्याकडूनच कळावी, म्हणून हॅलीने २२ मे रोजी ती पत्राने कळविली. न्यूटनचे पहिले उत्तर सौम्य होते. संताप प्रकट झाला तो महिन्याभराने, २० जूनच्या पत्रात. तिसरा खंड प्रसिद्ध करावयाचा नाही, असे त्याने त्यात ठरवून टाकले. तत्त्वज्ञान ही अशी कज्जेदलाल स्त्री आहे, की तिच्याशी संबंध ठेवणे म्हणजे कोर्टकचेऱ्यांत अडकणे होय, अशा आशयाची तक्रारही त्याने केली. अंतर्मुख व्यक्तीचा राग कसा उशिरा आणि साचून येतो, हे या दोन पत्रांतील अंतरावरून स्पष्ट होते.

हॅलीचे २९ जूनचे उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. न्यूटनचा राग अनाठायी आहे, असे त्याने म्हटले नाही. त्याने वस्तुस्थिती तपासली. रेन यांना भेटून हुकने पूर्वी सिद्धता दिली नव्हती, याची खातरजमा केली आणि ती कळविली. त्यानंतर तिसरा खंड रोखू नये, अशी विनंती केली. गणित न जाणणारे वाचकच संख्येने अधिक असून त्यांना हा खंड विशेष रुचेल, असे व्यावहारिक कारणही जोडले. १४ जुलैला न्यूटन निवळला. पहिल्या खंडातील एका टिपणीत रेन, हुक आणि हॅली या तिघांचा उल्लेख करण्यास तो राजी झाला.

दरम्यान छपाईचा भार हॅलीवरच येऊन पडला होता. फ्रान्सिस विलबी यांच्या मत्स्यविषयक सचित्र ग्रंथावर सोसायटीने मोठा खर्च केला होता आणि त्याची विक्री मंदावली होती. जून १६८६ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ हॅलीने स्वखर्चाने छापावा, असा ठराव झाला. तो तेव्हा सोसायटीचा पगारी कारकून होता. त्या पगारापोटी त्याला पुढे त्याच मत्स्यग्रंथाच्या ५० प्रती स्वीकाराव्या लागल्या. मुद्रिते तपासणे, आकृत्या कोरून घेणे आणि मुद्रकांशी व्यवहार ही कामेही त्यानेच केली. जुलै १६८७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मैत्रीच्या मर्यादा

या हकिकतीत हुकला केवळ खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. ग्रहगतीचा विचार कोणत्या दिशेने करावा, हे सुचविण्यात त्याच्या १६७९–८० मधील पत्रांचा वाटा होता. त्यामुळे त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’ हा प्रकाशविषयक ग्रंथ हुकच्या मृत्यूनंतर, १७०४ मध्ये प्रसिद्ध केला.

तसेच अबोल मनुष्य निरुपद्रवी असतो, असेही नाही. १७०३ मध्ये सोसायटीचा अध्यक्ष झाल्यावर न्यूटनने खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड याची निरीक्षणे त्याच्या इच्छेविरुद्ध १७१२ मध्ये छापविली आणि त्या कामी संपादक होता हॅलीच. ज्याने एका संकोची विद्वानाचा छपाईविषयीचा नकार इतक्या नाजूकपणे हाताळला, त्यानेच दुसऱ्या विद्वानाचा नकार डावलावा, ही या मैत्रीची काळी बाजू होय. मित्राविषयी दाखविलेला समजूतदारपणा सर्वांच्या वाट्याला येतोच असे नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की न्यूटनचे मौन अनेकांनी पाहिले. त्यामागील भय आणि सोबतीची गरज विकिन्स आणि हॅली यांनी ओळखली. हॅली स्तुती घेऊन गेला नाही. न्यूटनला जिव्हाळ्याचा असा प्रश्न घेऊन गेला. उत्तरासाठी त्याने वेळ दिला. अप्रिय वार्ता लपविली नाही आणि सभेतही मांडली नाही; ती पत्राने कळविली. ज्या लौकिक व्यवहाराची न्यूटनला धास्ती होती, तो स्वतःच्या अंगावर घेतला.

महाविद्यालयीन जीवनातही सभेत न बोलणारा सहकारी आणि मागील बाकावरील अबोल विद्यार्थी पाहावयास मिळतात. सहभागाचे मोजमाप बोलण्यावरून होत असल्याने त्यांच्याविषयीचे मत लवकर ठरून जाते. असा प्रत्येक जण न्यूटन नसतो, हे खरे. परंतु १६८४ च्या उन्हाळ्यात ट्रिनिटीमधील रिकाम्या वर्गात व्याख्यान देऊन परतणारा तो प्राध्यापकही, ज्याने सिद्धान्त छापून घेण्याची इच्छाच सोडली आहे असा एक मनुष्य, एवढाच होता. त्याच्या खोलीत कोणीतरी जाऊन एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली, एवढ्यावरून पुढील सर्व घडले.