जंजिरा संस्थान

कोकण किनाऱ्यावरील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नबाबांचे, ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याशी संलग्न असलेले एक लहान संस्थान. क्षेत्रफळ सु. ८४० चौ. किमी.; लोकसंख्या सु. १,१०,००० (१९३१). राजधानी मुरूड. उत्तरेस कुंडलिका नदीची व दक्षिणेस बाणकोटची खाडी, पूर्वेस तत्कालीन कुलाबा जिल्हा आणि पश्चिमेस अरबी समुद्र या त्याच्या सीमा होत. मध्ये शिरलेल्या राजपुरीच्या खाडीमुळे मुलखाचे जवळजवळ दोन तुकडे पडतात. या खाडीच्या मुखाशी, चहूकडे पाणी असलेल्या खडकावर जंजिरा किल्ला आहे. ‘जंजिरा’ हे ‘जझीरा’ (बेट) या अरबी शब्दाचे रूप होय.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून नेलेली माणसे अटलांटिकपार मळ्यांवर राबविली गेली. पूर्व आफ्रिकेतून दख्खनेत आलेले हबशी मात्र सरदारकीपर्यंत चढले. निजामशाहीच्या चाकरीतील अशाच सिद्द्यांकडे हा किल्ला होता. शिवाजी महाराजांच्या वेढ्याने तो जेरीस आला असता इ. स. १६७०-७१ च्या सुमारास सिद्द्यांनी मोगलांचा आश्रय घेतला. सुरतेच्या व्यापारी व हज यात्रेच्या जहाजांचे रक्षण करावे व त्याबद्दल सुरतेच्या महसुलातून सालिना नेमणूक घ्यावी, असा हा करार होता. जंजिरा अजिंक्य राहिला याचे श्रेय बहुधा तटबंदीला व तोफांना दिले जाते. परंतु आरमाराचा खर्च या डोंगराळ मुलखाच्या वसुलातून भागणारा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. मोगल सत्ता खिळखिळी होताच सिद्द्यांचे बळ ओसरले. १७३३ मध्ये रायगड त्यांच्याकडून मराठ्यांनी परत घेतला व १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी साताला लढाईत मारले. किल्ला तेवढा हाती आला नाही.

राज्यकर्ते सिद्दी असले, तरी त्यांची संख्या अत्यल्प होती. कुणबी, आगरी, कोळी, कातकरी यांचा भरणा मोठा; त्यांखेरीज कोकणी मुसलमान व तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएलही येथे राहत. खाचरांत भात, वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके निघत. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध असून नारळीपोफळीच्या बागांतून बरे उत्पन्न येई. जंगलातील लाकूडफाटा गलबतांतून मुंबईस जाई. कोळ्यांचा मासेमारीचा धंदा होताच. एवढ्यावर घर चालत नसल्याने पुष्कळ पुरुष मुंबईच्या गिरण्यांत किंवा बोटींवर कामास जात. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ याच संस्थानातील श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना गाव सोडावे लागले, असे सांगतात.

जानेवारी १९४८ मध्ये नाना पुरोहित, मोहन धारिया प्रभृतींच्या नेतृत्वाखाली विलीनीकरणासाठी उठाव झाला व त्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुरूड, म्हसळे व श्रीवर्धन हे त्याचे भाग आता रायगड जिल्ह्याचे तालुके आहेत. नबाबांच्या अंमलाखालील काठेवाडातील जाफराबाद हे बंदर गुजरातमध्ये आहे.